तोंड बघायच्या आधी

आमच्या आळीतल्या बायकांना मला चिडवायला एक अक्षर पुरे व्हायचं. विहिरीवर मी घागर लावली की मागून कोणीतरी लांब सूर काढून "ओऽऽ" म्हणायची आणि बाकीच्या पदरात तोंड घालून हसायच्या. मीही हसायची, न हसून सांगते कोणाला! पण कान तापायचे ते तापायचेच. ही हकिगत साऱ्या कल्याणला ठाऊक झाली ती यांच्या तोंडून. हे सांगायला बसले की तिची मजा व्हायची, ऐकणारा पोट धरून हसायचा. माझ्या तोंडून मात्र ती कोणी ऐकलेली नाही, कारण मला ती कधी सांगताच आली नाही.

यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. कागदाला कान नसतात हे मलाही कळतं, आणि अक्षरं तर यांनीच मला शिकवलेली, तरी हात वळत नाही. एवढंच सांगते की ते देवाचं नाव आहे आणि त्या देवाला नावं पुष्कळ. सगळा घोटाळा त्यातच झाला.

हे ठाण्याच्या खाडीवरल्या मिठागरांत कारकून होते. काम लिहिण्याचं, पण स्वभाव चौकस. खाडीचं पाणी वाफ्यांत कधी घ्यायचं, मीठ कधी ओढायचं हे सगळं आगरी मंडळींबरोबर उन्हात उभं राहून शिकलेले. सुट्टीला आगगाडीनं घरी यायचे तेव्हा धोतराच्या काठाला मीठ धरलेलं असायचं. एकदा आले ते बातमी घेऊनच. अरबांच्या मुलखात, एडनला, कोणी साहेब समुद्राकाठी मिठागरं काढत होता आणि त्याला इकडची जाणती माणसं हवी होती. झालं! यांच्या डोक्यात एडन शिरलं ते निघेना.

सासूबाई जेवेनात. त्यांचंही चुकत नव्हतं. माझे सासरे तरुणपणी गलबतावरून सुरतेकडे मालाबरोबर गेले ते परत आलेच नाहीत. तिकडे पटकीनं वारले असा नुसता निरोप आला. तेव्हा हे पाळण्यात होते. एकुलता एक मुलगा, आणि तोही समुद्रावर निघालेला! रडून झालं, अबोला धरून झाला, जातीतल्या चार मोठ्या माणसांकडून सांगून झालं. मुलगा हटत नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि अट घातली. "हिला घेऊन जा. तुझं पोट नाजूक, परक्याच्या हातचं खाऊन मरशील."

निघायच्या दिवशी त्यांनी मला माजघरात बोलावलं. माझं मंगळसूत्र त्यांनी नव्यानं ओवलं होतं, दुहेरी दोऱ्यात. "खाऱ्या वाऱ्यानं दोरा कुजतो," म्हणाल्या. गळ्यात घालताना आवाज खणखणीत होता. "माझा मुलगा तुझ्या पदरात घातलाय. जसा नेतेस तसा आणून दे." मी वाकून नमस्कार केला. त्यांना 'हो' म्हणताना वाटलं होतं, त्यात काय एवढं!

आगबोटीतले हाल सांगत बसत नाही. एडनला उतरलो तेव्हा काळे डोंगर आणि धूळ, हिरवं म्हणून गवताचं पातं नाही, पाणी विकत घ्यायचं. मी मनात म्हटलं, या उजाड जागेसाठी भांडून आलो! पण हे खूश होते. उन्हात दिवसभर उभे राहायचे आणि संध्याकाळी येऊन मला सांगायचे की इथे मीठ पिकेल, बघशील तू, आपल्या ठाण्यापेक्षा पांढरं पिकेल. ते पांढरं मीठ यांनी पाहिलंच नाही. त्याआधीच तापानं गाठलं.

ताप साधा नव्हता. आधी थंडी, मग अंग तव्यासारखं, मग असंबद्ध बोलणं. मला आई म्हणायला लागले तेव्हा माझा धीर सुटला. मिठागरावरच्या मुकादमानं उंटाच्या गाडीत घालून आम्हाला बंदरापाशी आणलं. तिथल्या एका दुकानदाराच्या मागच्या खोलीत माझी सोय लावून दिली, यांना झोळीत घालून इस्पितळाच्या दारात उतरवलं, आणि काम खोळंबलंय म्हणून तो गाडी वळवून निघून गेला.

दारात एक कंपाउंडर बसला होता. आधी मुंबईत राहिलेला, हिंदुस्थानी बोलायचा, मराठी कळायची. त्याच्यासमोर खलाशी, शिपाई, हमाल यांची ही रांग. माझी पाळी आली.

"कौन बीमार है?"

"हे," मी म्हटलं.

"हे कौन?"

"हे म्हणजे... हे." मी झोळीकडे बोट दाखवलं.

"अरे बाई, नाम बोलो. नाम!"

नाव! लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा बायकांनी दार अडवून धरलं होतं, तरी माझ्या घशातून ते नीट बाहेर पडलं नव्हतं. आमच्या घरी शिकवण अशी की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. एरवी मी कदाचित पुटपुटलेही असते. पण तिथे, त्या दारात, यांच्या आयुष्याचा दोरा आधीच तुटायला आलेला. मी माझ्या जिभेनं त्याला कात्री कशी लावू?

"देवकीचा आठवा," मी हळूच म्हटलं.

कंपाउंडर माझ्याकडे बघतच राहिला. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"गोकुळात वाढला तो," मी आणखी समजावलं. पदर इतका पुढे ओढला होता की मला त्याची फक्त बोटं दिसत होती.

"अच्छा, अच्छा!" त्याचा चेहरा उजळला. त्यानं एक नाव घेतलं. देवाचं होतं. यांचं नव्हतं.

"तेच, पण ते नव्हे."

"मतलब?"

"देव तोच. नाव दुसरं."

आता मात्र रांगेला करमणूकच झाली. एका खलाशानं दुसऱ्याला समजावून सांगितलं, त्यानं तिसऱ्याला, आणि सगळे खो-खो हसायला लागले. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. यांना झोळीत उन्हात ठेवलेलं, ओठ सुकलेले, आणि मी तिथे उखाण्यांचा खेळ मांडलेला. कंपाउंडर वैतागला. "बाई, भगवान तो एक ही है ना?"

"हो," मी म्हटलं. "देव एकच."

"बस!" तो म्हणाला, आणि त्यानं माणसांना हाक मारली. झोळी आत गेली.

त्यानं चुकीचं नाव धरलंय हे मला कळलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं, बिघडलं काय? माणूस आत पोचला. औषध तोंडात घालतात, नावात नाही.

पुरुषांच्या दालनात बायकांना मज्जाव होता. आम्ही बाहेरच्या अंगणात भिंतीच्या सावलीला बसायचं. सकाळी एक शिपाई दारात येई, एकेक नाव पुकारी आणि कोण कसा आहे ते सांगे. ज्याचं माणूस असेल त्यानं उठून डबा-तांब्या त्याच्या हातात द्यायचा. माझ्या शेजारी एक म्हातारी अरबीण बसायची, तिचा मुलगा आत होता. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला, पण ऊन सरकलं की ती सरकून मला सावलीत जागा द्यायची.

शिपायानं ते दुसरं नाव पुकारलं की मी उठायची. पहिल्यांदा उठताना जीभ चावली, मग सवय झाली. दुकानदाराच्या खोलीत तांदळाची पेज करून न्यायची, वर सासूबाईंनी दिलेलं लिंबाचं लोणचं चिमूटभर. "खाया," शिपाई सांगायचा. "सब खाया." एकदा म्हणाला, आणखी मागितली. मला नवल वाटलं, कारण यांना पेजेचा मनापासून कंटाळा. घरी तापातसुद्धा सासूबाईंना मागे लागावं लागायचं. मी म्हटलं, बरं झालं, परमुलखात तरी लाड उतरले! दुसऱ्या दिवशी पेज जास्त नेली आणि म्हातारीला खुणेनं सांगितलं की माझा माणूस जेवायला लागला. तिनं माझा हात दाबला.

मग एका सकाळी शिपायानं ते नाव पुकारलं, आणि मी तांब्या पुढे केला, तर त्यानं तो घेतला नाही. मान हलवली आणि बोट वर केलं.

"गुजर गया," म्हणाला.

पेज सांडली तेवढं कळलं. माझ्या मनात काय आलं असेल? यांचा चेहरा नाही आला. सासूबाई आल्या. 'जसा नेतेस तसा आणून दे.' आणि मग, मला लाज वाटते लिहायला, पण खरं तेच लिहिते, मला वाटलं की आता करायचं ते रीतसर झालं पाहिजे. आमच्याकडे हे बायका करतात. धरतात, रडतात, हात धरून बांगड्या फोडतात. तिथे माझं करणारं कोण होतं? म्हणून मीच केलं. इस्पितळाच्या पायरीवर मी हात आपटले. हिरव्या काचा माझ्या मनगटात घुसल्या. हाताच्या पंजानं मी कुंकू पुसलं, ते पुसलं न जाता कपाळभर माखलं. मंगळसूत्राला हिसका दिला, तर दोरा तुटेना. दुहेरी दोरा! मी दोन्ही हातांनी ओढलं, मानेला करकोचा पडला, तरी तुटेना. म्हातारीनं मला मिठी मारून हात धरले म्हणून थांबले.

शिपाई उभाच होता. त्याला वाईट वाटलं असावं. मज्जाव असूनही त्यानं मला खुणेनं मागून यायला सांगितलं. बाजूच्या खोलीत एक खाट होती, वर चादर. त्यानं चादर तोंडावरून काढली.

तो हे नव्हते.

कोणी पन्नाशीचा माणूस, देवीचे वण, पांढऱ्या मिशा, हात कोळशानं काळवंडलेले. मी बघतच राहिले आणि मला हसू फुटलं. हो, हसू! मेलेल्या परक्या माणसाच्या उशाशी मी हसत होते आणि शिपायाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"हे नव्हेत!" मी म्हटलं. "हे नव्हेत, हे नव्हेत!"

"तेरा आदमी नहीं? तो फिर तेरा कौन सा? नाम क्या?"

पुन्हा तेच. नाम क्या! या वेळी मला देवकी आठवली नाही की गोकुळ. मी खोलीबाहेर पळत सुटले आणि समोर जे दार दिसलं त्यात शिरले. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना खाटा, सगळे पुरुष. डोक्यावरचा पदर केव्हाच खाली पडला होता. आणि मी यांचं नाव घेतलं. घेतलं कसलं, ठणाणा केला! 'राव' नाही, 'पंत' नाही, जेवायची वेळ टळल्यावर सासूबाई खाडीच्या काठावरून मुलाला बोलवायच्या तसं, एकेरीत, शेवटचं अक्षर ओढून. एकदा नाही, खाटेखाटेला. आजारी माणसं उठून बसली. कोणीतरी ओरडलं, बाईला काढा. मी पुन्हा हाक मारली.

पार शेवटच्या खाटेवरून आवाज आला. बारीक, पोरासारखा.

"ओऽऽ... आलो, आई."

मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. नुसती हाडं उरली होती. डोळे उघडून यांनी मला बघितलं, आधी चेहरा, मग माखलेलं कपाळ, मग रक्तानं भरलेली रिकामी मनगटं. आणि विचारलं:

"अगं, मी गेलो की काय?"

यावर लोक हसायचे. हे सांगायचे तेव्हा इथे हमखास हशा पिकायचा. पण मी तिथे उभी होते ना! स्वतःच्या विधवेला बघणाऱ्या माणसाचे डोळे मी पाहिलेत. मी दोन्ही तळहातांनी कपाळ झाकलं आणि खाली बसले. यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला.

मागाहून उलगडा झाला तो असा. औषध खाटेखाटेवर फिरायचं, ते यांना मिळत होतं. पेज मात्र नावावर जात होती. त्या नावाचा एक माणूस आत आधीच होता, कुठल्याशा बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, बोट त्याला टाकून पुढे गेलेली. हाक आली, पेज आली, त्यानं खाल्ली. माझ्या नवऱ्याला इस्पितळातला दुधात बुडवलेला पाव मिळायचा आणि तो पोटात राहायचा नाही. कंपाउंडर मला रागावला. "सीधा नाम बोलती तो?" त्या दिवसापासून शिपाई खरं नाव पुकारू लागला आणि मी खाली मान घालून उठू लागले. हे पेजेला नावं ठेवत ठेवत बरे झाले.

त्या आगवाल्याचं गाव कोणतं, घरी कोण, हे यांनी बरे झाल्यावर पुष्कळ विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. त्याला माझी पेज मिळाली, माझं रडणं मिळालं, बांगड्याही त्याच्याच नावानं फुटल्या. आणि कुठेतरी त्याची बायको हातभर काचा घालून, कुंकू रेखून, बोटीची वाट बघत असेल. कासाराकडे नव्या बांगड्या भरायला हात पुढे केला की मला ती आठवायची, आणि मी कासाराला म्हणायची, "लवकर आटप बाबा."

कल्याणला परत आलो. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलाला पोटाशी धरलं. मी यांना विनवलं होतं की काही बोलू नका. पण यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! जेवण झाल्यावर आईच्या पुढ्यात बसून सगळं रंगवून सांगितलं. देवकीचा आठवा काय, 'ओ' काय, 'मी गेलो की काय' काय. शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्या हसून हसून लोळल्या.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी मनगटं हातात घेऊन वण बघितले. मला वाटलं आता नावावरून बोलतील. त्या म्हणाल्या, "तोंड बघायच्या आधी फोडल्यास?"

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. पण हे खरंच होतं. एका परक्या शिपायानं बोट वर केलं आणि मी माझा माणूस देऊन टाकला. दार ओलांडून बघितलंसुद्धा नाही. रांगेतल्या हसण्याची लाज, उघड्या डोक्याची लाज, नाव घेतल्याची लाज, सगळी हळूहळू बोथट झाली. विहिरीवरचा 'ओ'सुद्धा अंगवळणी पडला. ही एक नाही. सासूबाई पुढे माझ्याशी नीट वागल्या, पण वाढताना माझा हात पुढे आला की त्यांची नजर आधी मनगटावर जायची.

हे गेले ते गेल्या हिवाळ्यात, घरीच, पुन्हा तापानं. दुपारची वेळ होती. वैद्यांनी नाडी सोडली आणि बाहेर जाऊन बसले. आळीतल्या बायका जमल्या. त्यांतलीच एक, विहिरीवर 'ओ' म्हणणारी, डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि तिनं माझा हात धरला.

"थांब," मी म्हटलं.

"अगं, आता कशाला थांबायचं..."

"थांब म्हणते ना!" मी हात सोडवून घेतला आणि यांच्या उशाशी गेले. या वेळी मी चेहरा नीट बघितला. हेच होते. मग खाली वाकून, कानापाशी, यांचं नाव घेतलं. मोठ्यानं, इस्पितळात घेतलं तसंच, शेवटचं अक्षर ओढून. बायका चरकल्या. "बाई बाई, नाव काय घेते! आवरा हिला," कोणीतरी म्हणालं.

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, पण आवाज तसाच खणखणीत.

"हाक मारू दे तिला," त्या म्हणाल्या. "मला मारायला मिळाली नव्हती."

मी पुन्हा हाक मारली. सगळ्या जणी श्वास धरून उभ्या होत्या. सासूबाईंनी मान तिरकी करून कान दिला होता. मी पुष्कळ वेळ थांबले.

मग मी हात पुढे केले.